अनुताई वाघ : आधी शिक्षिकेचे हात मातीत



आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या अनुताई वाघ आपल्यापैकी बहुतेकांना डी.एड. करताना भेटलेल्या आहेत. जन्मसाल, गाव, पुरस्कार आणि अंगणवाडी हा एक शब्द. एवढं पाठ केलं की काम झालं. मीही तेच केलं होतं. अनुताई खऱ्या अर्थाने समजायला मला नोकरीची बरीच वर्षं जावी लागली. त्याचं कारण आधी सांगते, मग त्यांचं चरित्र.

नोकरीच्या सुरुवातीला मी तिसरीच्या वर्गात मातीचा पाठ शिकवत होते. फळ्यावर रंगीत खडूंनी छान थर काढले होते. एक मुलगा उठला आणि त्याने विचारलं की काळ्या रानात पाऊस पडला की पाणी वरच साचून राहतं, पण माळावर लगेच जिरतं, असं का? मला उत्तर येत नव्हतं. मी त्याला पुस्तकाकडे लक्ष द्यायला सांगून खाली बसवलं. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने मला एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या हाताला रोज माती लागत होती आणि माझ्या हाताला फक्त खडू. हे मला अजून टोचतं.

मागे आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिसर अभ्यासाचं सत्र घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मी अनुताईंविषयी पुन्हा वाचायला काढलं.

बालपण आणि शिक्षण

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. म्हणजे आपल्या अष्टविनायकातलं मोरगाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून देण्यात आलं. काही महिन्यांतच पती वारले. ज्या वयात आपल्या शाळेतल्या मुली सातवी-आठवीत असतात, त्या वयात ही मुलगी विधवा झाली होती. तेव्हा बालविधवेच्या वाट्याला काय यायचं ते आपल्याला माहीत आहे. स्वयंपाकघराचा कोपरा आणि जन्मभर दुसऱ्याच्या घरचं काम.

पण अनुताईंच्या घरच्यांनी तिला पुन्हा शाळेत घातलं. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. मराठी सातवीची ही परीक्षा तेव्हा फार मानाची असायची. ती पास झालेल्या माणसाला मास्तरकी मिळत असे. त्यानंतर त्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकल्या आणि १९२९ मध्ये प्रशिक्षित प्राथमिक शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. आपण डी.एड. केलं तसंच हे, फक्त नाव वेगळं.

पहिली नोकरी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला. चार वर्षं तिथे काढल्यावर १९३३ मध्ये त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत रुजू झाल्या. नोकरी करत असतानाच रात्रशाळेत जाऊन १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. दिवसा शिकवायचं आणि रात्री बाकावर बसून शिकायचं. हे त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसतं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ साली, त्या बी.ए. झाल्या. तेव्हा त्या स्वतः दुसऱ्यांना प्रशिक्षण देत होत्या. तरी त्यांना आपलं शिकणं संपलं असं वाटलं नाही.

बोरिवलीचं शिबिर आणि ताराबाईंची भेट

१९४५ हे वर्ष अनुताईंच्या आयुष्यात महत्त्वाचं ठरलं. कस्तुरबा गांधींच्या स्मरणार्थ निघालेल्या ट्रस्टने खेड्यात काम करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी बोरिवलीला शिबिर भरवलं होतं. अनुताई त्या शिबिरात गेल्या. तिथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली.

ताराबाई म्हणजे बालशिक्षणातलं मोठं नाव. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केलं होतं. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला. शहरात त्यांचं काम उत्तम चाललं होतं. पण मॉन्टेसोरी पद्धतीची साधनं महाग, ती पैसेवाल्या घरांतल्या मुलांपुरती राहतात, खेड्यातल्या गरीब मुलाचं काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. त्यासाठी खेड्यात जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं आणि सोबतीला माणूस हवं होतं.

अनुताई पस्तीस वर्षांच्या होत्या. पंधरा-सोळा वर्षं शिकवण्याचा अनुभव, पुण्यात नाव असलेली शाळा. ते सगळं मागे ठेवून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. मीही आता साधारण त्याच वयाची आहे. बदलीची नुसती यादी निघाली तरी आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून हा निर्णय किती मोठा होता ते मला जास्त जाणवतं.

बोर्डी ते कोसबाड

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली ती मुलं येईनात. गावाबाहेरच्या वस्तीतली मुलं दूर राहायची. आईबाप कामावर जायचे. अंगावर धड कपडा नसायचा, पोटात अन्न नसायचं. मग ताराबाई आणि अनुताईंनी उलटा विचार केला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीत जायचं, मुलांना गोळा करायचं, हातपाय धुवायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. यातूनच अंगणवाडी ही कल्पना आली. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली आणि पुढे गावोगावी अंगणवाडी हा शब्द पोचला. आज आपल्या शाळेच्या आवारात जी अंगणवाडी भरते, तिच्या नावाचं मूळ बोर्डीच्या त्या अंगणात आहे.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून थोडं आत, कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्थाही याच टेकडीवर होती. आजूबाजूला वारली पाडे. मुलं वारली बोलायची आणि पुस्तक प्रमाण मराठीत. सात-आठ वर्षांचं मूल म्हणजे घरचा कमावता हात. धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचं, नाहीतर गुरं राखायला जायचं. ते शाळेत बसणार कसं?

इथे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. धाकटं भावंड पाळणाघरात राहिलं की थोरल्या बहिणीचे हात मोकळे आणि ती शाळेत बसू शकते. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतात तिथेच शाळा. शिक्षकाने साहित्य घेऊन रानात जायचं. आज नवीन शैक्षणिक धोरणात वय वर्षं ३ ते ८ हा एकच पायाभूत स्तर धरला आहे. बालवाडी आणि पहिली-दुसरीचा हा सांधा कोसबाडला साठ वर्षांहून आधी जोडून झाला होता.

साहित्य रानातलं, प्रशिक्षणही रानातलं

आता मूळ मुद्द्यावर येते. शहरातल्या बालमंदिरात लाकडी ठोकळे, रंगांच्या पट्ट्या, मणी असायचे. कोसबाडला ते परवडणारं नव्हतं. म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं, फुलं, काड्या हेच साहित्य झालं. लहान-मोठा क्रम लावायला खडे. मोजायला बिया. आकार ओळखायला पानं. गुळगुळीत-खरबरीत कळायला दगड आणि झाडाची साल.

यात पैसे वाचले हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट झाली. वारली मुलाला शाळेत पहिल्यांदा काहीतरी येत होतं! कोणतं पान कोणत्या झाडाचं, कोणता दगड कुठल्या ओढ्यातला, हे त्याला बाईंपेक्षा जास्त माहीत होतं. पुस्तक उघडलं की मागे पडणारं मूल पान हातात घेतलं की पुढे यायचं.

मग प्रश्न आला शिक्षिकेचा. नुसता भाषणं ऐकून आणि वहीत टाचण काढून आलेला शिक्षक अशा वर्गात काय करणार? कोसबाडला बालसेविका तयार केल्या जात. त्यांत गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकाही होत्या. त्यांचं प्रशिक्षण प्रत्यक्ष मुलांमध्ये, प्रत्यक्ष साहित्य गोळा करून, हाताळून होत असे. मुलाला जे करायला लावायचं ते आधी बाईने स्वतः केलेलं असायचं. हे करायला सगळ्यात आधी स्वतः अनुताईंना शिकावं लागलं होतं. त्या पुण्याच्या शाळेतून आलेल्या, आणि इथली झाडं, इथली बोली, इथले सण त्यांना नवे होते. जी शिक्षिका वारली मुलांकडून शिकली, तीच पुढे शिक्षिकांना शिकवू शकली. मला वाटतं त्यांच्या चरित्रातली आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

पुढची वर्षं

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनेक संस्था संस्थापक गेल्यावर थंडावतात. अनुताईंनी मात्र कोसबाडचं काम पुढे नेलं. त्या लिहितही होत्या. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे त्यांचं पुस्तक बालवाडीच्या ताईंना उपयोगी पडलं, आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मध्ये त्यांनी तिथले अनुभव लिहिले. १९८२ साली प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही संस्था उभी राहिली, तेव्हा अनुताई बहात्तर वर्षांच्या होत्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. बोर्डीला पाऊल ठेवल्यापासून जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं त्या मुलांच्या आणि शिक्षिकांच्या कामात होत्या.

कोसबाड आणि आपलं कुंभारी

कोसबाड इथून लांब आहे, पण एक धागा सांगते. आपल्या कुंभारीत विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे, दहा हजार घरांची. तिला नाव आहे गोदूताई परुळेकर यांचं. १९४५ साली ताराबाई आणि अनुताई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी त्याच भागात गोदूताईंच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. दोघींचे मार्ग अगदी वेगळे. एकीने मजुरीचा लढा उभा केला, दुसरीने मुलाच्या अंगणात शाळा नेली. पण ज्या घरांसाठी दोघी झटल्या ती घरं एकाच प्रकारची होती.

कुंभारीतली मुलंही तशीच आहेत. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, शाळेत मराठी. आई विड्या वळते, मोठी मुलगी भावंडं सांभाळते. पहिलीतलं मूल गप्प बसलं की आपण लगेच कच्चं ठरवतो. पण त्याच्या हातात चिंचोके द्या, मुरुमाचे खडे द्या, मग बघा. मोजतं, लावतं, आणि घरच्या भाषेत का होईना, पण बोलतं.

आम्ही परिषदेत काय केलं

अनुताईंविषयी हे सगळं वाचल्यावर मी ठरवलं की सत्रात स्लाइड दाखवायच्या नाहीत. सगळ्या सर-मॅडमना आधीच निरोप दिला, की येताना शाळेजवळची दोन मुठी माती, पाच दगड आणि एक काचेची बरणी आणा. काहींना हसू आलं. पण आणलं सगळ्यांनी. मग पुढच्या गोष्टी आम्ही स्वतः केल्या. तुम्हीही वर्गात घेण्याआधी एकदा करून बघा.

१. बरणीतले थर : बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी. झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते. त्यावर बारीक गाळ बसायला तास-दोन तास लागतात. काडी-कचरा वर तरंगतो. काळ्या मातीचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं, कारण तिचे कण फारच बारीक असतात. थोडी तुरटी फिरवली की ते कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. आमच्या बायका घागरीत तुरटी का फिरवायच्या ते इथे कळतं.

२. पाणी किती जिरतं : दोन प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापा. वरचा भाग उलटा करून तोंडाला फडकं बांधा. एकात मुरूम, दुसऱ्यात काळी माती, दोन्ही सारख्या मापाने. दोन्हींत एक-एक पेला पाणी ओता आणि घड्याळ लावा. मुरुमातून पाणी भराभर खाली येतं. काळी माती पाणी पिते, फुगते, आणि मग तिच्यातली वाट बंद होते.

३. भेगा : काळ्या मातीचा चिखल ताटलीत थापून उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांत भेगा पडतात. फुगणारी माती वाळली की आकसते, म्हणून भेगा. शेजारच्या ताटलीत मुरुमाचा चिखल ठेवा, फरक आपोआप दिसेल.

४. लिंबाची परीक्षा : काळ्या रानात पांढरे खडे सापडतात, ती चुनखडी. तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतात. आपल्या काळ्या दगडावर पिळा, काही होत नाही. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून आपला मुरूम आणि आपली काळी माती तयार झाली.

५. काठीची सावली : मैदानात काठी उभी रोवा. दर तासाला सावलीच्या टोकाला खडा ठेवा. दुपारची सावली सगळ्यात आखूड. हिवाळ्यात ती उत्तरेकडे पडते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ऊन असेल त्या दिवशी नक्की बघा. तेव्हा भर दुपारची सावली दक्षिणेकडे दिसेल, कारण त्या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो. हे पाहून आम्ही शिक्षकच जास्त चकित झालो.

हे करताना एक गंमत झाली. वीस-पंचवीस वर्षं शिकवणारे गुरुजीसुद्धा बरणीपाशी उकिडवे बसून वाद घालत होते, की थर तीन आहेत का चार. कुणी पुस्तक उघडलं नाही. शेवटी बरणी पुन्हा हलवून पाहू, असं ठरलं. परिषदेला आल्यावर घड्याळाकडे बघणारी आम्ही माणसं, त्या दिवशी चहा गार झाला तरी उठलो नाही.

पालकांसाठी दोन शब्द

मूल चिखलात हात घालून आलं तर लगेच रागावू नका. कपडे धुता येतात. आज शाळेत काय केलं असं विचारण्याऐवजी आज काय हाताळलं असं विचारून बघा. रानात, बाजारात, नदीकाठी गेलात तर चार दगड, चार बिया त्याला गोळा करू द्या. एखाद्या खोक्यात त्या जपून ठेवू द्या. आणि मुलाने विचारलेलं तुम्हाला येत नसेल तर त्याला गप्प करू नका. चल, दोघं मिळून करून बघू, एवढं म्हटलं तरी पुरे.

शेवटी

माझ्या त्या तिसरीतल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर वर दुसऱ्या कृतीत आहे. दोन कापलेल्या बाटल्या, एक फडकं आणि दहा मिनिटं. एवढंच लागत होतं. तो मुलगा आता हायस्कूलला गेला. त्याला त्या दिवशी उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आता माझ्या वर्गाच्या खिडकीत बरण्या ओळीने ठेवलेल्या असतात, आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही की मी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. दर शनिवारी त्यातला एक प्रश्न आम्ही करून बघतो.

पस्तिसाव्या वर्षी पुण्यातली शाळा सोडून अनुताई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या होत्या. आपल्याला गाव सोडायचं नाही, नोकरी सोडायची नाही. फक्त वर्गाच्या दारातून बाहेर पडून मूठभर माती उचलायची आहे. पुढच्या पाठाच्या आधी एकदा उचलून बघा.


– एक प्राथमिक शिक्षिका, कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर